तीन सुटी अक्षरं

“तू ना, फार भोळा आहेस रे,” बायको आतल्या खोलीत म्हणाली आणि दुकानात किल्लीवाल्याची कानस चालता चालता थांबली.

दुकान पुढे, घर मागे, मध्ये एक पडदा. घरात दुसरं कोणी नव्हतं. बायको पाय प्लास्टरमध्ये घालून तीन आठवडे खुर्चीत बसून होती आणि तिच्या हातात भाचीने आणून दिलेला खेळ होता. तळहातापेक्षा जरा मोठा, दोन्ही बाजूंना बटणं, मध्ये काचेवर पोकरचं हिरवं टेबल. टेबलाभोवती चार खेळाडू आणि पाचवी ही.

पहिल्याच दिवशी तिने त्याला हौसेने समजावलं होतं. “सोपं आहे हो. हातात काही नसलं तरी असल्याचा आव आणायचा आणि पैशांऐवजी असतात त्या चकत्या लावायच्या. समोरच्याला पटलं तर तो पानं टाकून देतो. नाही पटलं तर म्हणतो, दाखव. बसा ना, एकच डाव.” गिऱ्हाईक आलंय असं सांगून तो उठला होता. गिऱ्हाईक बिऱ्हाईक काही नव्हतं.

“तुझ्यासारखा तूच,” आतून पुन्हा आवाज आला. पाठोपाठ हसणं.

किल्लीवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. सव्वीस वर्षांत तिने त्याला एकदाही अरे-तुरे केलं नव्हतं. त्याच्या वाट्याला आलं ते ‘अहो, पाणी गेलं’ आणि ‘अहो, जेवण गार होतंय’. असं खळखळून हसणंही नाही. आणि हा कोण कुठला, तीन आठवड्यांत ‘तू’ झाला!

परवा चहाचा कप ठेवण्याच्या निमित्ताने त्याने तिच्या खांद्यावरून डोकावून, ती चौघांतल्या ज्याच्याशी बोलत होती त्याचं चित्र पाहिलं होतं. काळी टोपी, झुपकेदार मिशा, टोपीखाली भरघोस केस. किल्लीवाल्याच्या डोक्यावर केसांचा पत्ता नव्हता, त्यामुळे ते आधी डोळ्यांत खुपलं. चित्राखाली तीन इंग्रजी अक्षरं होती. ए, एच, ओ. किल्ल्यांवर ठोकलेली अक्षरं सुटी सुटी वाचण्यात त्याचा जन्म गेला होता. दोन दिवस त्याने ती तीन अक्षरं ओळखीतल्या प्रत्येक माणसाच्या नावाला लावून पाहिली. कुणालाच बसेनात.

“हल्ली खेळात समोर खरी माणसं असतात, काका,” शेजारचा मोबाइलवाला म्हणाला होता. “कुठे बसलेली असतील, पत्ता लागत नाही.” त्या दुपारी किल्लीवाल्याने दवाखान्याची किल्ली उलटी कापली. डॉक्टरीणबाई ती परत घेऊन आल्या तेव्हा त्याने दुसरीही उलटीच कापली.

तसा तो संशयी माणूस नव्हता. उलट त्याच्या धंद्याचा एक नियम होता. लोकांची कपाटं, तिजोऱ्या उघडून द्यायच्या, आणि कुलूप खट्ट वाजलं की लगेच पाठ फिरवून उभं राहायचं. आत काय आहे ते बघायचं नाही. घरातही तोच नियम. बायकोच्या ट्रंकेचं कुलूप त्याने तीनदा दुरुस्त केलं आणि तिन्ही वेळा पाठ फिरवली. बायको बहिणींना हे कौतुकाने इतक्या वेळा सांगायची की त्या आता कंटाळल्या होत्या.

“सगळं लावलं बघ,” आतून ती लाडात म्हणाली. “घेतोस का माझ्यावर शंका?”

किल्लीवाला उठला. भर दुपारी त्याने दुकानाचं शटर अर्धं ओढलं, पडदा बाजूला केला आणि तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. ती दचकली. पत्ते खेळणारा कुणीही पानं धरील तसा तिने खेळ छातीशी धरला.

“दाखव,” तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. तोंडावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. त्याने हात पुढे केला. तिने खेळ त्याच्या हातात दिला.

या वेळी त्याने पाठ फिरवली नाही. काच डोळ्यांशी धरली. तोच टोपीवाला. “ए. एच. ओ.,” त्याने एकेक अक्षर खडसावून वाचलं. “कोण हा?”

“असं सुटं सुटं काय वाचताय? जोडून वाचा.”

त्याने जोडून वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं.

“अहो?”

“तीनच अक्षरं मावतात त्यात,” ती म्हणाली. “नावं आपण द्यायची असतात. पलीकडे कोणी नसतं. यंत्रच खेळतं.”

तो स्टुलावर मटकन बसला आणि स्वतःच्याच टकलावरून हात फिरवत हसला. तीन आठवडे तो स्वतःवरच जळत होता. “मला वाटलं...” तो म्हणाला, पण काय वाटलं ते त्याला सांगवेना. तिनेही विचारलं नाही. मग विषय बदलायचा म्हणून त्याने लाडीगोडीने विचारलं, “चौघांत ह्यालाच बरं माझं नाव? मिशांमुळे?”

“बाकीचे तिघे ऊठसूट दाखव, दाखव म्हणतात,” ती म्हणाली. “हा कधीच म्हणत नाही. मी काहीही लावलं तरी ह्याला खरं वाटतं.”

तिने खेळ त्याच्या हातातून काढून घेतला आणि एक बटण तीनदा दाबलं. टोपीवाल्याखालची अक्षरं एकेक करून गेली.

“आता ह्याला दुसरं काहीतरी नाव शोधते,” ती म्हणाली.