बिनविरोध पहिलवान

“शेषराव पहिलवानावानी पहिलवान अख्ख्या बुलढान्यात झाला नाई अन् व्हनार नाई!” उकंडराव खाटेपाशी उभा राहून मोठ्यानं म्हणाला. खाटेवरच्या शेषरावानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

उकंडराव तसा वांगी-मिरच्या पिकवणारा माणूस, पण कुस्तीचा पंच म्हणून धाड गावात त्याच्या शब्दाला वजन. आणि शेषराव म्हणजे धाडचा अभिमान. पोळा झाला आणि या गड्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली. वैद्य म्हणाले, हातपाय हलवायला लावा, पोटात दूधभाकर जाऊ द्या, माणूस उठून बसेल. पण हा बाबा तोंड उघडेल तर शपथ! भेटायला येणारा जो तो “काय पहिलवान व्हता!” म्हणून हळहळायचा आणि हा भिंतीकडे तोंड करून पडायचा. त्याची बायको जनकाबाई दुधाची वाटी घेऊन उशाशी बसायची आणि भरलेली वाटी घेऊनच उठायची. काल तर ती उकंडरावापुढे रडलीच. “भाऊ, त्याईनं आता पानीबी सोडलं. तुमीच काईतरी करा.”

गावानं काय करावं? सत्कार!

आता जिल्ह्यातला सगळ्यात मोठा पहिलवान कोण, हा धाडचा जुना वाद. एका बाजूला आपला शेषराव, दुसऱ्या बाजूला देऊळगाव राजाचा माणिकराव. रोहिणखेडच्या आखाड्यात दोघं दिवसभर झोंबले होते. दिवस बुडाला, कोणी कोणाला चीत करेना, शेवटी कुस्ती बरोबरीत सोडवली. त्यावरून बाजारच्या दिवशी हॉटेलात किती कपबशा फुटल्या, किती सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले, काही विचारू नका. तेव्हा जिल्हा मध्यप्रदेशात होता, मग मुंबई राज्यात गेला, आता महाराष्ट्र झाला. राज्यं बदलली, वाद जिथल्या तिथं!

तो वाद काल चावडीवर चहा निवायच्या आत मिटला. महादेवराव म्हणजे जन्मभर माणिकरावाची बाजू घेऊन भांडलेला गडी. त्यानंही मुकाट्यानं मान डोलावली. “मोठा शेषरावच व्हता,” असं एकमतानं ठरलं. माणसं एवढी शहाण्यासारखी वागू लागली की समजावं, कुठंतरी बिनसलंय. पण तेवढा विचार कोण करतो?

तर हार आला, नारळ आला आणि गुलाबी फेटा आला. धाडची रीत अशी की पहिलवानानं लंगोट मारुतीपुढे ठेवला, की गाव त्याला फेटा बांधतं. त्या दिवसापासून त्याला कोणी कुस्ती मागत नाही. शेषरावानं लंगोट ठेवलेला नव्हता. पण एवढ्या मायेनं आलेल्या माणसांना ते सुचलंच नाही. दोघांनी त्याला धरून बसवलं, उकंडरावानं फेटा बांधला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेषरावाच्या डोळ्यातून पाणी आलं. लोकांना वाटलं, आनंदानं आलं. जनकाबाईनं वाटी पुढे केली, तर त्यानं डाव्या हातानं ती बाजूला सारली.

तेवढ्यात दारात उजेड अडला. माणिकराव! कोणा एसटीवाल्याकडून खबर लागली आणि पहिल्या गाडीनं निघून आला होता. केस पिकले होते, पण छाती तशीच. तो सरळ खाटेपाशी आला आणि बघतच राहिला.

“हे काय बांधलं बे याच्या डोक्याले?”

“गावानं ठरोलं,” उकंडराव कौतुकानं म्हणाला. “सगळ्यात मोठा पहिलवान शेषराव. सत्कार हाये.”

“कोनाले इचारून ठरोलं?” माणिकराव असा गरजला की दारातली कोंबडी उडाली. “मी मेलो का? रोहिणखेडले दिवस बुडाला म्हनून वाचला हा! जरासा उजेड राह्यता तं याले आभाळ दाखोलं असतं!”

महादेवरावानं त्याची बाही ओढली. जनकाबाईनं हात जोडले. “माणिकभाऊ, पाया पडते तुमच्या. दुखन्यातल्या मानसाले असं नका बोलू.”

माणिकरावानं ऐकलंच नाही. त्यानं शेषरावाच्या डोक्यावरचा फेटा काढला, उकंडरावाच्या हातात कोंबला आणि खाटेवर वाकला. “शेष्या, पुढल्या साली रोहिणखेडले कुस्ती मांगतो तुले. न येता मेला तं जिल्हाभर सांगीन, माह्या भेवानं मेला!”

शेषरावानं मान फिरवली. तोंड वाकडं झालेलं, पण डोळे पेटले होते. किती दिवसांनी त्याचा शब्द फुटला. “भेते... तुहा बाप!”

तो डाव्या कोपरावर जोर देऊन उठू लागला. एकदा पडला. माणिकराव जागचा हलला नाही, कोणाला हातही लावू दिला नाही. पुन्हा धडपडत शेषराव भिंतीला टेकून बसला. “जनके, दूध आन.” अर्धं दूध छातीवर सांडलं, अर्धं पोटात गेलं. जनकाबाई वाटी धरून सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडली.

माणिकराव बाहेर पडला. उकंडराव आणि महादेवराव त्याच्या मागोमाग स्टँडपर्यंत गेले. महादेवरावाला राहवेना. “आपुन तं पहिल्यापासून म्हनतो ना, मोठे तुमीच.”

“येडा झाला का बे?” माणिकरावानं उकंडरावाच्या हातातल्या त्या गुलाबी फेट्याच्या शेवानं डोळे पुसले. “दिवस बुडू दे म्हनून म्या कुस्ती चालू असताना बालाजीले नवस बोलला व्हता. बुडाला, तं घरी जाऊन नारळ फोडला. त्याच्यावानी पहिलवान म्या जन्मात पाह्यला नाई.”

उकंडराव चक्रावला. “मंग हे त्याच्यासमोर काऊन नाई बोलले?”

गाडी लागली. माणिकराव पायरीवर चढला.

“तुमी सारे तेच तं सांगून राह्यले व्हते त्याले,” तो म्हणाला. “त्याच्यानंच मरून राह्यला व्हता तो.”