काट्याला सील आहे

दुपारच्या शांततेत टेबलावरचा वजनकाटा ‘टिंग’ करून सुरू झाला आणि लेकीने लगेच त्यावर बाहुली निजवली. काट्यावरचा आकडा वायरीतून लॅपटॉपवर घ्यायचा आणि जावास्क्रिप्टने दुकानात गिऱ्हाइकासमोरच्या स्क्रीनवर दाखवायचा, हे माझं काम.

तेवढ्यात दुकानमालकाचा फोन आला. “ताई, प्रत्येक वजनात थोडं वाढवूनच दाखवा. काट्याला सरकारी सील आहे, तुमच्या कोडला कुठे आहे?”

शी! पण घरबसल्या मिळालेलं पहिलंच काम. नाक दाबून ती एक ओळ लिहिली.

नुकतेच आकडे वाचायला लागलेली लेक एकदा काट्याकडे बघे, एकदा स्क्रीनकडे.

 

“आई, माझी बाहुली वायरीतून जाताना जाडी कशी झाली गं?”