स्कूटरची बॅटरी

माझ्याकडे जुन्या टोस्टरमधली चाळीस सेंटिमीटर तार होती, ती ताणून धरायला एक लाकडी चौकट, दोन स्प्रिंगा आणि चार इंच जाडीचा फोम. तापलेल्या तारेने फोममध्ये माकडहाडाखाली येईल असा खळगा कापायचा होता, कारण पडून पडून बाबांना तिथे जखम झाली होती. फक्त तार तापवायला काही नव्हतं.

"माझ्या स्कूटरची बॅटरी काढ," बाबा पलंगावरून म्हणाले. "हे पाय आता चालायचे नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलंय. मग तिचं काय लोणचं घालायचंय?"

चादरीची घडी घालता घालता आई म्हणाली, "तिला हात लावू नकोस. दुसरी आण."

"अगं, स्कूटर अधूनमधून चालू केली नाही की बॅटरी उतरते," मी म्हणालो. "इथे तर अकरा महिने झाले. दहा व्होल्टसुद्धा दाखवायची नाही. थांब, मोजूनच येतो."

आईने घातलेली घडी मोडून पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली. मी जिन्याखाली जाऊन बॅटरीला मीटर लावला.


१२.७ व्होल्ट. नव्या बॅटरीइतके.