मिसेस पिबसचं दार

आमच्या टास्मानियात वरच्या सभागृहाची निवडणूक सगळीकडे एकदम होत नाही. दर मे महिन्यात दोन-तीन मतदारसंघांचीच पाळी. आमची येते सहा वर्षांनी. प्रत्येक वेळी मी पहिलं दार वाजवतो ते मिसेस पिबसचं. पहिल्यांदा उमेदवार म्हणून आलो तेव्हा त्यांच्या नवऱ्याने, लान्सने, अंगावर कुत्रं सोडलं होतं. दुसऱ्यांदा तो नदीवरच्या धरणाच्या प्रश्नावरून दोन तास भांडला आणि निघताना सफरचंदांची पेटी माझ्या गाडीत ठेवली. तिसऱ्या वेळी लान्स नव्हता.

यंदाही दार वाजवलं.

"आलास का मेल्या परत?"

"मत मागायला आलोय."

"लान्सने कधी दिलं नाही, मीही देणार नाही. बस."

टेबलावर चहाबरोबर खायचे गरम स्कोन, छोटे गोडसर पाव, होते. त्यांनी लान्सचीच खुर्ची माझ्यापुढे ओढली. मी मुद्दाम धरणाचा विषय काढला. मग त्यांनी लान्सचे सगळे मुद्दे, त्याच्यासारखीच मूठ आपटत, एकेक करून मला सुनावले. चहा दोनदा झाला.

निघताना त्या दारापर्यंत आल्या. जरा ओशाळून म्हणाल्या, "आल्विन, आधीच सांगायला हवं होतं रे. हद्दी बदलल्यात. नदीच्या अलीकडची घरं आता शेजारच्या मतदारसंघात गेलीत. आमचं मतदान दोन वर्षांनी. तुझी फेरी फुकट गेली बघ."

"माहीत आहे मला," मी टोपी घालत म्हणालो. "आणि या वेळी मी उभाही नाहीये."