पाण्याचं गाव

"चहाचं मागून बघू," पुंजाराम म्हणाला. "आधी ड्रम हलवा."

पाहुण्यांची गाडी नाल्याच्या पुलापलीकडं येऊन थांबली होती. पुलावरचं पाणी उतरेपर्यंत थोडी सवड होती. अंगणात निळे ड्रम ओळीनं उभे होते आणि त्याच्या बायकोनं, साळूबाईनं, ते भर पावसात काठोकाठ भरून ठेवले होते. पाणी दिसलं की भरून ठेवायचं, ही तिची जन्माची खोड. आभाळ फाटलं तरी ती जात नव्हती. गोकुळनं आणि बापानं ड्रम आडवे केले तेव्हा तिचा जीव तुटला.

"हळू सांडा की," ती घोटाभर पाण्यात उभी राहून म्हणाली.

रिकामे ड्रम गोठ्यात गेले. उन्हाळ्यात पाणी चोरीला जायचं म्हणून प्रत्येक झाकणाला कुलूप होतं. त्यांच्यावर पुंजारामनं ताडपत्री पसरली आणि वर कडब्याच्या दोन पेंढ्या टाकल्या.

गोकुळमध्ये खोट काढायला जागा नव्हती. शेंद्र्याच्या एमआयडीसीत कायम नोकरी, घरची शेती, सुपारीचंही व्यसन नाही. तरी तीन सोयरिकी मोडल्या होत्या. मुलीकडचे यायचे, पोरगा पसंत करायचे, चहा प्यायचे आणि जाता जाता त्यांची नजर ड्रमांवर पडायची. आमची पोर काय हंडे वाहायला द्यायची का, असा निरोप मग मध्यस्थाकडून यायचा. पोरगा तिशी ओलांडून गेला होता. हा असाच राहतो की काय, या धास्तीनं पुंजारामचा घास घशाखाली उतरत नव्हता.

आणि यंदा पाऊस आला तो जायचं नावच घेईना. मागल्या दुष्काळात गावानं पावसासाठी महादेवाला गाभाऱ्यात पाणी भरून कोंडलं होतं. यंदा महादेव आपला आपणच बुडाला. आता त्याला पुरे म्हणायची गावाला चोरी झाली. सोयाबीन पाण्यात उभं राहून पिवळं पडलं. सगळं गाव रडत होतं. पुंजारामही रडत होता, पण त्याच्या रडण्यात थोडी लबाडी होती. पीक गेलं तर गेलं, सून तरी पदरात पडेल. काठावरून वाहणाऱ्या विहिरीचा व्हिडिओ त्यानं मुलीच्या बापाला पाठवला आणि खाली लिहिलं, घर बघायला या, निसर्गही बघून होईल.

मुलगी श्रेया, शहरातल्या पुंडलिकनगरची. तिनं आणि गोकुळनं एकमेकांना आधीच पसंत केलं होतं. आता तिचे वडील राजकुमार आणि आई करुणाबाई घर बघायला आले, आणि आजकालच्या रीतीनं पोरगीही सोबत आली. पण घराकडं कोणी बघेचना. राजकुमारनं बूट काढले, पँट दुमडली आणि तो थेट बांधावरून पडणाऱ्या पाण्याखाली जाऊन उभा राहिला.

"काय निसर्ग आहे हो तुमच्याकडं," तो तिथूनच म्हणाला.

मग तो विहिरीच्या काठावर बसला आणि पडत्या पावसात तांब्यानं डोक्यावर पाणी घेत राहिला. करुणाबाई हातपाय धुवायला न्हाणीत गेल्या आणि केस धुऊनच बाहेर आल्या. श्रेयानं चपला धुतल्या, मग छत्री धुतली. चुलीवरचं कणीस आणि तरोट्याची भाजी खाऊन झाल्यावर राजकुमार हात धुवायला म्हणून पुन्हा बांधाखाली गेला. पुंजारामला त्यांची कीव आली. शहरात बिचाऱ्यांना निसर्ग दिसत नाही, त्याचं हे असं होतं. पोरगं या पावसानं तारलं, असं त्याला वाटलं आणि पहिल्यांदाच तो पोटभर जेवला.

जेवणानंतर श्रेया वासरू बघायला गोठ्यात गेली. वासराला कडबा हवा होता. त्यानं पेंढी ओढली, पेंढीबरोबर ताडपत्री आली, आणि कुलपं लावलेले ड्रम सगळे उघडे पडले.

पुंजाराम धावत पोचला तेव्हा तिचा हात कुलपावर होता. ड्रम डिझेलचे आहेत, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण सून करून घ्यायच्या पोरीशी खोटं बोलायला त्याची जीभ रेटेना.

"पाण्याचेच हायेत, पोरी," तो म्हणाला. "लपवले व्हते. यंदाचं सोड. दरसाली उन्हाळ्यात इथं टँकरच असतोय."

"किती दिवसांनी येतो?"

"एक दिवसाआड," पुंजाराम खाली बघत म्हणाला.

श्रेया गोठ्याच्या दारात गेली आणि तिनं घराकडं तोंड करून सांगितलं, "आई, इथं उन्हाळ्यातसुद्धा पाणी एक दिवसाआड येतं."

 ओसरीवर बसलेल्या राजकुमारनं बायकोकडं पाहिलं, तो उठला आणि भिजत गाडीकडं निघाला. करुणाबाई मागोमाग गेल्या. चौथी सोयरीकही गेली, हे पुंजारामला कळून चुकलं. साळूबाई वासराला शिव्या घालू लागली, आणि पुंजाराम हात जोडून पाहुण्यांच्या मागं धावला.

राजकुमारनं डिक्की उघडली. आत रिकामे कॅन वरपर्यंत रचलेले होते. कडेला मळक्या कपड्यांची दोन बोचकी होती आणि त्यांच्यावर साबणाचा पुडा.

"आमच्याकडं नळ आठ दिवसांनी येतो," तो दुसरीकडं बघत म्हणाला. "धरण भरलं, रस्ते तुंबले, नळ कोरडाच. सकाळपासून डिक्की उघडायची लाज वाटत होती."

पाठोपाठ आलेल्या साळूबाईचा हात करुणाबाईंनी हातात घेतला.

"विहीणबाई, पोरगी तुमची," त्या म्हणाल्या. "फक्त माहेरपणाला तिनं आमच्याकडं यायचं नाही, आम्हीच इकडं येत जाऊ."