चार वाजताची रात्र

सांगून कोणाला पटायचं नाही, पण त्या वृद्धाश्रमात दुपारी चारलाच रात्र व्हायची. बाहेर ऊन रणरणतंय आणि आत पडदे ओढून दिवे बंद! संध्याकाळच्या पाळीला माणूस एकच. म्हणून दिवसपाळीने जाता जाता सगळ्यांना चहाबरोबर झोपेची गोळी द्यायची, कुशीवर वळवायचं आणि घर गाठायचं. कोंबड्यासुद्धा याहून उशिरा खुराड्यात शिरतात.

आपला ड्रायव्हर तिथं खिडकीजवळ होता. सारी हयात बस चालवली, आता पाय नावालाच उरलेले. बायको कपड्यांच्या कारखान्यात शिवणकामाला. सुटी झाली की धापा टाकत यायची, तेव्हा हा घोरत असायचा.

"आजोबा आत्ताच झोपले हो," आश्रमाच्या मोठ्या बाई गोड हसायच्या. "अगदी शांत असतात."

"मग जागे कधी असतात?"

"सकाळी या की."

सकाळी या म्हणे! कामावर पाणी सोडून यायचं, आणि मग आश्रमाचा खर्च काय मोठ्या बाईंचा बाप देणार?

पण ड्रायव्हर काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. एके दिवशी त्याने गोळी गालात दाबून धरली. पडदे ओढले गेले, पावलं लांब गेली, तशी ती थुंकली आणि पलंगाचा ब्रेक सोडला. भिंतीला रेटा देत पलंग दाराबाहेर काढला. "चला, कोण कोण येतंय?" शेजारच्या मास्तरीणबाई पायथ्याशी बसल्या, तिघे म्हातारे कठड्याला लोंबकळले. उतारावरून पलंग असा सुटला, की आडव्या आलेल्या मोठ्या बाई थेट गुलाबाच्या वाफ्यात! फाटक ओलांडून गाडी कारखान्याच्या दारात. बायको बाहेर येते तो नवरा समोर, टक्क जागा. म्हणतो कसा, "बसा बाईसाहेब, पुढे सरकून बसा!" आणि ती अशी काही हसली, की—

"खोटं!"

ऐकणाऱ्यांच्या घोळक्यातून ड्रायव्हरची बायकोच उठून उभी राहिली.

"त्या पलंगाला चाकं नव्हती," ती म्हणाली. "आणि ह्यांना मी जागं शेवटचं पाहिलं, ते तिथं सोडून आले त्या दिवशी."