फाटका कान

दारावर लाठीचा दणका बसला तसा शरदिनीच्या हातातला चिमटा ट्रेमध्ये पडला.

"ताई, फोटो निघाला का?" बाहेरून शेजारचा बाळ ओरडला. "लोक आता रुकायचे नाहीत."

न्हाणीघरात लाल दिवा जळत होता. दणके सुरू असतानाच तिने ओली निगेटिव्ह, कुठली बाजू वर हेही न बघता, एनलार्जरमध्ये कशीबशी सरकवली होती. आता औषधात बुडालेल्या कागदावर चित्र हळूहळू उमटत होतं. सकाळी गंगेवरच्या पंचगंगा घाटावर एका माकडाने बाळच्या आईची, कालिंदीकाकूंची, मांडी फाडली होती. बावीस टाके पडले होते. माकडाने झडप घातली नेमक्या त्याच क्षणी शरदिनीचं बोट कॅमेऱ्याच्या बटणावर होतं. पंचगंगा ते राजघाट ही नदीकाठची वाट ती चार वर्षं रोज तुडवत होती, खंड्या, मुंगूस, माकडं टिपत. लोक घाटावर देवासाठी येतात, आमची शरू माकडांसाठी, असं तिचे वडील हसून सांगत.

माकडाचा कान फाटका होता, एवढं सगळ्यांनी पाहिलं होतं. पण फाटक्या कानाचे हुप्पे दोन. मागच्या वर्षी आपसात भांडून त्यांनी एकमेकांचे कान तोडले होते. डावा कान गेलेला नुसता आग्यावेताळ. उजवा गेलेला तो बुवा. हे नाव शरदिनीनेच ठेवलेलं. बुवा तिच्यापासून हातभर अंतरावर येऊन बसायचा आणि कॅमेऱ्याच्या काचेत स्वतःचं तोंड बघायचा. तिचा फार जीव होता त्याच्यावर.

बाहेरच्या दहाबारा जणांना एकच माकड मारायचं होतं. याच लोकांनी मंगळवारी माकडांना चणे घातले होते.

"हनुमानजी का जीव है," त्यांच्यातला एकजण म्हणाला. "गलत वाला मारा तो पाप लगेगा. आप फोटो देखकर बता दीजिए, बस."

चित्र स्पष्ट झालं. शरदिनीने वाकून पाहिलं. उजवा कान. खोटं बोलावं असं तिला फार वाटलं. पण कालिंदीकाकूंचं रक्त अजून तिच्या ओढणीवर होतं. तिने दार उघडलं.

"उजव्या कानाचा," ती म्हणाली.

बुवा नेहमीच्या पायरीवर ऊन खात बसला होता. आपण नाव घेतलंय तर बघायलाही हवं, म्हणून तीही मागोमाग गेली. माणसं जवळ आली तरी तो हलला नाही. त्याला त्यांच्यात ती दिसत होती. पहिल्याच लाठीने त्याची कंबर मोडली. तो फरफटत निघाला तो तिच्याच दिशेने. पुढच्या लाठ्या पाठीवर बसल्या, तोंडावर बसल्या. दात पायरीवर सांडले. शेवटी बाळने दोन्ही हातांनी दगड उचलून त्याचं डोकं ठेचलं. मग सगळ्यांनी हात धुतले आणि गंगेला नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शरदिनी अन्नाला शिवली नव्हती. तिचे वडील विश्वेश्वरशास्त्री शेजारी येऊन बसले आणि वाळलेला फोटो त्यांनी हातात घेतला. त्यात माकडाच्या मागे तेच होते, स्नान करून उघड्या अंगाने पायऱ्या चढताना. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"शरू, माझं जानवं उजव्या खांद्यावर कसं गं? काल तर माझ्याकडे कुणाचं श्राद्ध नव्हतं."

जानवं उजव्या खांद्यावर घेतात ते फक्त पितरांच्या कामाला. हे शरदिनीला लहानपणापासून ठाऊक होतं. तिने फोटो त्यांच्या हातातून ओढून घेतला, खिडकीतल्या उन्हासमोर उलटा धरला आणि मागच्या बाजूने पाहिला.

जानवं डाव्या खांद्यावर आलं. फाटका कानही डावा झाला.